वाफ्यातली मांजरे आणि आपला शेजार

दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारे पाहुणे घरी उतरले की आमच्या दोन खोल्यांत चार दिवस पाय ठेवायला जागा नसते. ती गर्दी आम्हाला आवडते. पाहुणे परत गेले, चटया गुंडाळून माळ्यावर टाकल्या, आणि घर एकदम मोकळे मोकळे वाटू लागले की आम्ही दरवर्षी एकच काम काढतो. मागच्या परसात मेथी आणि सांभार पेरतो. (आम्हा नागपूरकरांचा सांभार म्हणजे कोथिंबीर, हे मुंबई-पुण्याच्या वाचकांनी लक्षात घ्यावे. नाहीतर आम्ही इडलीबरोबरचा सांबार पेरला असे समजून हसाल.)

परस म्हणजे काही मोठी बाग नव्हे. मोरी आणि शेजारची भिंत यांच्यामध्ये उरलेली बारा फूट लांब आणि सात फूट रुंद जागा. काळी माती, त्यात थोडी वाळू आणि शेणखत मिसळलेले. पण तेवढ्या जागेत हिवाळाभर दोन दिवसांआड एक भाजी निघते, आणि सहा तोंडांच्या घरात त्याला किंमत असते. सूनबाईला पाचवा महिना होता. हिरवी भाजी भरपूर खा, असे दवाखान्यातल्या बाईंनी सांगितले होते. तेव्हा यंदा पेरणीला जरा जास्तच उत्साह होता.

मेथी चौथ्या दिवशी वर आली. सहाव्या दिवशी सकाळी पाहतो तर वाफा कोणीतरी कुदळीने उकरावा तसा उकरलेला. तीन ठिकाणी खड्डे, तीन ठिकाणी मातीचे ढिगारे, कोवळी रोपे मुळासकट वर पडलेली. एक ढिगारा काडीने बाजूला केला तेव्हा वासावरून सगळे कळले. मांजर!

येथे आमची एक चूक आधीच कबूल करतो. त्याच संध्याकाळी पांढरी-भुरी मांजर भिंतीवरून वाफ्यात उतरताना दिसली आणि आम्ही विटेचा तुकडा उचलून फेकला. नेम धरला नव्हता, पण तुकडा तिच्या मागच्या पायाला लागला. ती ओरडली, लंगडत भिंतीवर चढली. पलीकडून आजींचा आवाज आला, "काहून मारता जी तिले? पिलं हायेत तिच्या अंगावर." आजी म्हणजे आमच्या भिंतीपलीकडच्या. नवरा मिलमध्ये होता, तो गेल्याला बरीच वर्षे झाली. मुलगा कामाच्या शोधात सुरतेला गेला, तो तिकडचाच झाला. आजींच्या लाकडांच्या ढिगामागे त्या मांजरीने चार पिले घातली होती, आणि आजी आपल्या भाकरीतला चतकोर तिला घालत होत्या. आम्हाला काही उत्तर सुचले नाही. आणि मारून उपयोग काय झाला? रात्री तीच लंगडी मांजर पुन्हा त्याच वाफ्यात येऊन गेली.

खरी गोष्ट बिघडली ती दोन दिवसांनी. आमच्या ओळीत एक भाऊ राहतात. रात्रपाळी करतात, दिवसा झोपतात. दिवसा त्यांच्या टिनावर बोक्यांची मारामारी, लेकरासाठी ठेवलेले दूध सांडलेले, आणि त्यांच्याही अंगणातला सांभार आमच्यासारखाच उकरलेला. त्यांचा राग खोटा नव्हता, हे आम्ही मुद्दाम सांगतो. ते आमच्याकडे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, दोन मासोळ्या आणतो अन् उंदराची पेस्ट लावून ठेवतो. सकाळपर्यंत सगळं साफ. आजीले काई सांगू नका."

आम्ही हो म्हटले नाही, पण नाही म्हणायलाही आमची जीभ उचलली नाही. वाफा डोळ्यांसमोर होता. बोलली ती सूनबाई. चुलीजवळून तिने विचारले, "अन् तुमचंच पोट्टं रांगत रांगत इकडं येते, त्याच्या हाती ती मासोळी लागली तं?"

भाऊ गप्प झाले. आम्हीही. या पेस्टबद्दल प्रत्येक घराने जाणून ठेवले पाहिजे. उंदीर मारण्याच्या बऱ्याच पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. तो यकृत निकामी करतो, आणि त्यावर उतारा असे औषध नाही. खाल्ल्यावर पहिल्या दिवशी दोन-चार उलट्या होतात, मग माणूस बरा झाल्यासारखा वाटतो, आणि दोन-तीन दिवसांनी एकाएकी खालावतो. म्हणून कोणी चुकून चाटली तरी, बरे वाटते आहे म्हणून घरी थांबायचे नाही, लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायचे. काळसर भुकटी मिळते तिच्यात झिंक फॉस्फाइड असते. पोटात गेल्यावर तिचा विषारी वायू होतो, त्यालाही उतारा नाही. आणि विष खाऊन मेलेला उंदीर दुसऱ्या कोणी खाल्ला तर त्याच्याही जिवाला धोका. वस्तीत लेकरे, कोंबड्या, शेळ्या, कुत्री सगळीच मोकळी फिरतात. मासोळीवर नाव लिहिता येत नाही की ही फक्त मांजरीसाठी आहे.

कायद्याचेही सांगून ठेवतो, कारण पुष्कळांना हा गुन्हा आहे हेच माहीत नसते. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० सालापासून आहे. त्यातला दंड पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये इतका हास्यास्पद आहे, म्हणून लोक त्याला भीत नाहीत. पण १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम ३२५ मध्ये जनावराला विष घालून वा मारून नुकसान करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रोजंदारीच्या माणसाने मेथीच्या दोन जुड्यांसाठी पोलीस स्टेशनच्या पायऱ्या चढाव्यात काय?

आमच्या लहानपणी खेड्यात सांगत, मांजर मारली तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते. ज्याच्या घरी तांब्याचा तांब्या नाही त्याने सोन्याचे मांजर कुठून आणावे, आणि ते सोने शेवटी जायचे कोणाच्या घरी, हे काही अवघड कोडे नाही. त्या भीतीने आम्ही मांजर मारत नाही असे कोणी समजू नये. दर रविवारी विहारात लेकरांना शेजारी बसवून आपण पहिले शील म्हणतो, आणि सोमवारी त्यांच्यादेखत मासोळीला विष लावायचे, हे आम्हाला जमण्यासारखे नव्हते. एवढेच कारण होते, आणि तेही सूनबाईने तोंड उघडल्यावर सुचले.

तर मग मेथी वाचवायची कशी? आम्ही पंधरा दिवस हाच उद्योग केला. जे फसले ते आधी सांगतो.

पहिला उपाय लाल पाण्याच्या बाटल्यांचा. मध्यंतरी गावोगावी दारांपुढे कुंकवाच्या पाण्याच्या बाटल्या टांगलेल्या दिसायच्या. कुत्री-मांजरे येत नाहीत म्हणे. आमच्या नातवाने हौसेने दोन बाटल्या भरून वाफ्याच्या दोन टोकांना ठेवल्या. मांजरीने दोन्ही बाटल्यांच्या बरोबर मध्ये खड्डा केला. मांजराला लाल रंग आपल्यासारखा लाल दिसतच नाही, हे शाळेच्या गुरुजींनी नातवाला नंतर सांगितले. मांजर आडवी गेली की काम होत नाही म्हणणारे आणि लाल बाटलीने मांजर पळते म्हणणारे एकाच गावचे.

दुसरा, संत्र्याची साले. आमच्या गावी संत्र्यांना तोटा नाही. आंबट वास मांजराला आवडत नाही हे खरे, पहिल्या रात्री ती आली नाही. पण ऊन लागले की साल दोन दिवसांत वाळते आणि वास उडून जातो. रोज ताजी साले पसरायची तर रोज संत्री खावी लागतील. मोसमात जमले तर करावे, नुकसान काही नाही.

तिसरा, तिखट. हा आम्ही केला आणि पस्तावलो. वारा आला, भुकटी उडाली आणि सूनबाईच्याच डोळ्यांत गेली. मांजराच्या पायाला तिखट लागते, ती पाय चाटते, तोच पाय डोळ्यावरून फिरवते. तोवर खड्डा खोदून झालेला असतो. म्हणजे तिला त्रास होतो आणि आपली मेथी तर जातेच.

चौथा फिनेल आणि डांबरगोळ्यांचा. हे आम्ही केले नाही, करू नका. काळ्या फिनेलमधला पदार्थ पचवण्याची शक्ती मांजराच्या यकृतात नसते. पाय चाटता चाटता ते पोटात जाते, म्हणजे हळूहळू विष घालणेच झाले. शिवाय ज्या मातीतली भाजी आपण खाणार तिच्यात फिनेल ओतायचे कशाला? डांबरगोळ्या पांढऱ्या, गोल, पेपरमिंटसारख्या दिसतात. लहान मूल तोंडात घालणारच. काही मुलांच्या रक्तात जन्मतः एक कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी डांबरगोळीने फुटतात आणि मूल पिवळे पडते. आपल्या मुलात ती कमतरता आहे की नाही हे आपल्याला ठाऊक नसते.

एवढे सगळे फसल्यावर आम्ही जरा शहाणे झालो आणि मांजर मुळात येते कशाला, याचा विचार केला. ती मेथी खायला येत नाही. मेथीशी तिचे वैर नाही. तिला पाहिजे असते भुसभुशीत, कोरडी, उघडी माती. मांजराची सवय अशी की विष्ठा करायची आणि माती ओढून झाकायची. सगळ्या वस्तीत सिमेंटचे रस्ते, फरशीची अंगणे. मऊ माती कुठे? आमच्या वाफ्यात, जो आम्ही चार दिवस खपून चाळणीसारखा मऊ केला होता. म्हणजे आमंत्रण आम्हीच दिले होते. एकदा जागा पसंत पडली की वासाच्या खुणेवर ती पुन्हा तिथेच येते, आणि बाकीच्याही येतात. आणखी एक कारण आम्हाला उशिरा सुचले. दसऱ्याला पंधरा-वीस माणसे जेवली, उरलेसुरले आणि मटणाची हाडे आम्ही मोरीच्या कोपऱ्यात उघड्या टोपल्यात टाकली होती. दोन नवे बोके वस्तीत आले ते त्याच वासाने. आणि दोष आजींच्या चतकोर भाकरीला!

कारण कळल्यावर उपाय सोपा निघाला. माती उघडी ठेवायची नाही.

कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती बारीक भोकांची तारेची जाळी बाजारात वजनावर किंवा मीटरवर मिळते. एक इंचाच्या आसपासचे भोक घ्यावे. आम्ही भंगारवाल्याकडून जुना तुकडा आणला. बी पेरून, हलके पाणी देऊन ही जाळी वाफ्यावर जमिनीलगत आडवी पसरायची, उभी लावायची नाही. उभ्या जाळीवरून मांजर उडी मारते, तिला सहा फूट म्हणजे काहीच नाही. आडव्या जाळीवर तिला उकरता येत नाही आणि पायाखाली तार लागणेही तिला आवडत नाही. कडांना विटा ठेवाव्यात किंवा तारेचे आकडे करून मातीत रोवावेत, नाहीतर ती कोपरा उचलून आत शिरते. तारांची टोके वर राहिली असतील तर पक्कडीने मुडपून घ्यावीत, आपलेच हात फाटतात. मेथी, पालक, सांभार भोकांतून आरामात वर येतात. मेथी तीन-चार बोटे झाली की जाळी सावकाश काढून घ्यावी, कारण तोवर रोपे दाट होऊन माती दिसेनाशी होते, आणि माती दिसली नाही की मांजराला तिथे काम राहत नाही. मेथीला हे पंधरा दिवसांत जमते. सांभाराला उगवायलाच दहा-बारा दिवस लागतात, म्हणून त्याच्यावर जाळी जास्त दिवस ठेवावी लागते. बी टाकण्याआधी धने चपलेने रगडून दोन फाकी करावेत, उगवण बरी होते. हे आमच्या आईचे.

जाळीला पैसे नसतील तर आपल्या विदर्भात तुराट्या आणि पऱ्हाट्या आहेतच. त्या वीतभर तोडून वाफ्यात उभ्या रोवायच्या, दोन काड्यांमध्ये चार-पाच बोटांचे अंतर. मांजराला वळून बसायला जागा मिळत नाही. दिसायला वाफा साळिंदरासारखा दिसतो, पण काम होते. बोरीच्या काट्या पसरा असे पुष्कळ जण सांगतात. ज्यांच्या घरी अनवाणी फिरणारी लेकरे आहेत त्यांनी तो विचार सोडावा, मांजराआधी काटा कोणाच्या पायात जाईल ते सांगायला नको. जुनी नायलॉनची साडी पसरून पाहिली. खाली ऊन पोचत नाही, रोपे पिवळी लांबडी होतात. वांगी, मिरची, भेदरे यांची रोपे लावली असतील तर बुंध्याभोवती नारळाच्या शेंड्या, विटांचे तुकडे, वाळला पाला असे जाड काही पसरावे. ओलही टिकते.

पाण्याचीही वेळ बदलली. आम्ही सकाळी पाणी घालायचो, संध्याकाळपर्यंत वरची माती कोरडी होई. मांजरे दिवेलागणीला आणि पहाटे जास्त फिरतात. आता संध्याकाळी वरून हलके पाणी शिंपडतो. ओल्या मातीत पाय घालायला मांजर नाराज असते. पण काळ्या मातीत हे बेताने करावे, सदा चिखल झाला तर मेथी सडते.

आणि एक उपाय ऐकून शेजारी हसले होते. मांजरीला तिची स्वतःची जागा करून दिली. भिंतीच्या टोकाला, वाफ्यापासून लांब, आडोशाला दोन हात लांब-रुंद जागेत बांधकामातून उरलेली वाळू टाकली. वाफ्यातली विष्ठा खालच्या मातीसकट खुरप्याने उचलली, त्यातली थोडी त्या वाळूत पुरली, बाकी लांब नेऊन खोल गाडली. वाफ्यात वास उरला नाही, वाळूत वास आला. चौथ्या दिवसापासून मांजर वाळूत जाऊ लागली. आठवड्यातून दोनदा ती जागा साफ करावी लागते, आणि वाळूत लेकरे खेळत नाहीत ना, हे पाहावे लागते. रिकाम्या वेळी वाळूवर फळी ठेवून उपयोग नाही, मग मांजर कुठे जाईल? म्हणून जागा लेकरांच्या वाटेवर नको.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा सगळा मजकूर लिहायला घेतला ती सांगतो. उकरलेल्या मेथीचा राग दोन दिवसांत जातो. पण सूनबाई त्याच वाफ्यात हाताने निंदण करत होती, आणि त्याच मातीतला सांभार आपण कच्चाच वरणावर भुरभुरतो. दवाखान्यातल्या बाईंना तिने सहज सांगितले, तेव्हा त्या गंभीर झाल्या. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म परजीवी मातीत येतो. उंदीर, पक्षी, कच्चे मांस खाऊन मांजराला त्याची लागण होते, आणि मग एक ते तीन आठवडे तिच्या विष्ठेतून तो बाहेर पडतो. बाहेर पडल्या पडल्या तो बाधत नाही, एक ते पाच दिवसांनी बाधण्याजोगा होतो, आणि ओल्या मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो. धडधाकट माणसाला लागण झाली तरी बहुतेक वेळा कळतही नाही. पण गरोदर बाईला त्याच काळात पहिल्यांदा लागण झाली तर ती पोटातल्या बाळापर्यंत पोचू शकते. गर्भपात होऊ शकतो, बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला इजा होऊ शकते.

घाबरून जाण्यासारखे नाही, पण सांभाळण्यासारखे नक्की आहे. मांजर अंगणातून गेली, पायाला घासली म्हणून हा रोग होत नाही. तो माती, न धुतलेली भाजी आणि कच्चे राहिलेले मटण यांतून येतो. तेव्हा घरात गरोदर बाई असेल तर वाफ्याचे आणि मांजराची घाण काढण्याचे काम दुसऱ्याने करावे. येथे बाप्या माणसांनी जरा पुढे यावे, खुरपे काही फक्त बायकांच्या हाताला बसवलेले नसते. दुसरे कोणी नसेल तर हातमोजे घालावेत, ते नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या हाताला बांधाव्यात, आणि नंतर साबणाने नखांपर्यंत हात धुवावेत. भाजी तीन-चार पाण्यांतून चोळून धुवावी. मिठाच्या पाण्यात वा लाल औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवली की झाले, असे समजू नये, त्याने हा परजीवी खात्रीने मरत नाही. धुण्याने तो निघून जातो आणि शिजवण्याने मरतो. मटण चांगले शिजू द्यावे.

आम्ही आणखी एक केले. ज्या वाफ्यात घाण सापडली तिथे यंदा सांभार, मुळा, मेथी असे कच्चे खाण्याचे काही घेतले नाही. तिथे वांगी लावली आणि भिंतीला वालाचा वेल चढवला. फळ जमिनीपासून वर राहते आणि शिजवूनच खाल्ले जाते. सांभार दुसऱ्या टोकाला, नव्या मातीत, जाळीखाली. काही जण म्हणतात, शेणखत चालते तर मांजराचे का नको? गाय गवत खाते, मांजर मांस खाते. कुत्र्या-मांजरांची विष्ठा भाजीच्या खतात कधी घालू नये.

आता राहिल्या आजी. सगळी वस्ती त्यांच्यावर उठली होती. तुम्ही खायला घालता म्हणून मांजरे येतात, असे. आम्ही विटेचा तुकडा फेकल्यापासून त्या आमच्याशी बोलत नव्हत्या. एका दुपारी आम्ही त्यांच्या दारात जाऊन बसलो आणि आधी चूक झाली म्हणालो. त्यांनी चहा ठेवला. मग म्हणाल्या, "मी देतो म्हणून तं ते तुमच्या घरात शिरत नाई. उपाशी मांजर दुधाचं गंज सोडन का?" बोलण्यात तथ्य होते. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. त्यांच्या घरात तांदळाच्या डब्याजवळ उंदराची एक लेंडी नव्हती. आमच्याकडे पोती कुरतडलेली. माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली तेव्हा उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आली. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेली एक मांजर सापडली आहे, ती सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची. सोबत जुनी आहे.

बोलता बोलता ठरले ते असे. आजींनी खाणे एकाच वेळी, एकाच जागी, आपल्या दारातच द्यायचे आणि अर्ध्या तासाने ताटली उचलायची, म्हणजे परके बोके जमत नाहीत. आम्ही उष्टे-खरकटे झाकणाच्या डब्यात टाकायचे. आणि मांजरीची नसबंदी करायची. हे शेवटचे आजींना पटायला वेळ लागला. पण हिशेब त्यांनाच मांडता आला. मांजर दोन महिन्यांत वीत, एका वेळी तीन-चार पिले, वर्षाला दोन-तीनदा सहज. पिलू सहा महिन्यांचे होते न होते तोच माजावर येते. पिले अंगावर असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते. आज चार, पुढच्या दसऱ्याला किती? आणि त्यातली निम्मी तरी गाडीखाली, कुत्र्यांच्या तोंडी किंवा कोणाच्या मासोळीने मरणार. "मंग कराच बापा," आजी म्हणाल्या.

धरून लांब सोडून यावे, हा सल्ला पुष्कळांनी दिला. त्याने काही होत नाही. एक जागा रिकामी झाली की खाणे आणि मऊ माती पाहून दुसरी येते. शिवाय सोडलेली मांजर अनोळखी जागी हाल होऊन मरते, नाहीतर परत येते. नसबंदी केलेली मांजर तिथेच राहते, इतरांना फारसे येऊ देत नाही, आणि माज नसल्याने रात्रीची बोक्यांची भांडणे कमी होतात. रात्रपाळीच्या भाऊंना हीच गोष्ट सर्वात जास्त पटली.

पिले दोन महिन्यांची होऊन स्वतः खायला लागली, तेव्हा नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही आणि ते भाऊ, दोघे सायकलच्या कॅरिअरवर झाकणाची टोपली बांधून निघालो. आत मांजर, वरून गोणपाट. आपल्या नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, बऱ्याच गावी सरकारी जनावरांचा दवाखाना असतो, काही शहरांत प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था हे काम फुकट किंवा थोडक्यात करतात. आधी जाऊन विचारून यावे. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचे की नाही, नंतर किती दिवस घरात ठेवायचे, हे डॉक्टर सांगतात. भूल देऊन शस्त्रक्रिया होते, आणि ओळखीसाठी कानाचे टोक किंचित कापतात. खर्च आम्ही तिघांनी वाटून घेतला. आजींनी आपला वाटा लुगड्याच्या गाठीतून सोडून दिला, नको म्हटले तरी ऐकले नाही. येताना चढावर भाऊ टोपली धरून पायी चालत होते, आणि आतून आवाज आला की "हो हो, आलं घर," असे म्हणत होते. ज्याने पेस्ट आणली होती तोच माणूस हा.

चार पिलांपैकी दोन दिली. एक आमच्या मोठ्या मुलीने नेले, तिच्या घरी उंदीर फार. एक किराणा दुकानदाराने मागून नेले. उरलेली दोन मोठी झाली की त्यांनाही न्यायचे आहे. त्यासाठी ओळीतल्या सहा घरांनी महिन्याला दहा रुपये टाकायचे ठरले आहे. चार घरांचे आले, दोन घरांचे यायचे आहेत. ते वाचत असतील तर त्यांनी लक्षात ठेवावे.

हे लिहितो आहोत तेव्हा मेथीची दुसरी कापणी झाली आहे. सूनबाईला सातवा लागला आहे, आणि आता वाफ्यात बसतो आम्ही, ती ओट्यावर खुर्ची टाकून कुठे गवत राहिले ते बोटाने दाखवते. पांढरी-भुरी मांजर भिंतीवर उन्हाला बसलेली असते. मागच्या पायाने अजून किंचित लंगडते. आम्ही वाफ्याकडे गेलो की ती उठून पलीकडे आजींच्या बाजूला उडी मारते. भाऊ गेले तर उठत नाही.

परवा पालकाचे बी टाकले, जाळी पुरली नाही म्हणून अर्ध्या वाफ्यात तुराट्या रोवल्या आहेत. कोणत्या बाजूची उगवण चांगली होते ते पाहून कळवू. कोणा भगिनीने आणखी काही करून पाहिले असेल तर पोस्टकार्डावर चार ओळी लिहून पाठवाव्यात. पुढच्या आठवड्यात हिवाळ्यात लहान मुलांच्या छातीत होणाऱ्या कफाविषयी.